उजेडाचे टप्पे

सुमैरा नगरला नोकरी करते म्हणजे नेमकं काय करते, हे तिसगावात कुणालाच धड सांगता येत नसे. तिचे अब्बा दाऊद मिस्त्री यांना चहाच्या टपरीवर कुणी विचारलंच, तर ते "कंप्युटरवर उजेड मोजती" एवढं बोलून कपात तोंड घालायचे. चाळीस वर्षं ओळंबा धरून भिंती उभ्या केलेला माणूस तो. अजून बांधलीच नाही त्या खोलीतला उजेड मोजायचा, म्हणजे बाजारात तुरी असाच प्रकार त्यांना वाटायचा. पण लेक कमावती होती आणि खोटं बोलणारी नव्हती, त्यामुळे ते गप्प बसत.

काम तसं साधंच होतं, फक्त सांगायला अवघड. कुठं पुण्यात, कुठं दुबईत एखादी इमारत व्हायची असे, तिचे नकाशे सुमैराच्या लॅपटॉपवर येत. मग ती एक काळी खिडकी उघडून त्यात हुकूम टाइप करी. चित्र नाही, बटण नाही, नुसती एक ओळ. त्या ओळीत बारक्या आडव्या रेघा, रेघेपुढं एकदोन अक्षरं आणि अक्षरांपुढं आकडा. बघणाऱ्याला वाटावं, पोरीनं विजेचं बिल उतरवून घेतलंय. पण त्या दोन-दोन अक्षरांत सगळी मेख होती. प्रोग्राम किरणांचा माग काढत जायचा आणि अमुक टेबलावर अमुक वेळेला किती उजेड पडेल ते सांगायचा. तो माग कसा काढायचा, किती खोल काढायचा, कुठं थांबायचं, हे त्या अक्षरांनी ठरायचं.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं होतं एबी. एबी म्हणजे टप्पे. चेंडू जसा जमिनीवर आपटून भिंतीला जातो आणि भिंतीवरून छताला, तसाच उजेडही टप्पे घेत घरात शिरतो. एबीपुढं जो आकडा लिहाल तितके टप्पे प्रोग्राम मोजणार. काहीच लिहिलं नाही तर तो शून्य धरून चालतो, आणि मग जिथं उजेड थेट पोचत नाही तिथं चित्रात काळाकुट्ट अंधार दिसतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सुमैरानं एका मोठ्या दवाखान्याचा पूर्ण मजला असा काळाठिक्कर काढून साहेबांपुढं ठेवला होता. ती आठवण झाली की अजून तिचे कान गरम होत.

आता तिच्या अम्मीचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट मुळात मुमताजच्या डोळ्यांची आहे. मुमताज तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत आली. घर एका खोलीचं, पुढं एक दार, मागं एक दार, मधे सगळा अंधार. सकाळी ती मशीन पुढच्या दारात ओढायची, दुपार कलली की मागच्या दारात. सूर्य फिरेल तशी मशीन फिरायची. पन्नाशी उलटली तशी नजर अधू झाली. चष्मा झाला, चष्म्याचा नंबर वाढला, पण चष्म्याला काय उजेड फुटतो? निळ्या पँटीवर निळा दोरा चालवायचा म्हणजे तिला बोटानं चाचपून शिवावं लागे. गेल्या पावसाळ्यात सुई बोटातून आरपार गेली. तेव्हा पहिल्यांदा ती म्हणाली की आता शिलाई सोडावी. आणि मशीन सोडलेली मुमताज कशी असेल, ते घरात कुणालाच डोळ्यांपुढं आणता येईना.

तिच्या बचत गटात आठ जणी. सगळ्या अशाच आपापल्या दारात बसून शिवणाऱ्या. गटाची अध्यक्ष लंकाबाई, बोलायला फाटक्या तोंडाची आणि मनानं सोन्यासारखी. तिनं वर्षभर पंचायतीचे उंबरे झिजवून बियाण्यांचं जुनं गोदाम गटासाठी पदरात पाडून घेतलं. एकच अट होती. वीज इथं कधी असते, कधी नसते, म्हणून दिवे बंद ठेवून प्रत्येक मशिनीवर दिवसाउजेडी तीनशे लक्स भरले पाहिजेत. लक्स म्हणजे उजेडाचं माप. तालुक्याच्या मॅडम यंत्र घेऊन येणार, मोजणार, आणि एक जरी मशीन कमी भरली तरी गोदाम सोसायटीला जाणार, खताची पोती ठेवायला. सोसायटीचे सचिव गोरक्षनाथ यांनी पोती कुठं कशी लावायची ते मनात ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत सुमैरानं गोदाम टेपनं मोजलं आणि प्रोग्रामात बसवलं. उत्तरेच्या भिंतीत वरती चार खिडक्या, दक्षिणेचं शटर दीडपट रुंद, आतून सगळं पांढरं. आकडे छान आले. मग तिनं कागद अब्बांपुढं ठेवला. दाऊद मिस्त्रींनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि काही न बोलता छिन्नी-हातोडा घेऊन निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भिंत फोडली ती दुसऱ्याच्या हिशोबावर. सुमैराला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका तिला आनंद झाला होता.

तपासणी जानेवारीतल्या एका सोमवारी ठरली. सुमैरा रविवारी सकाळच्या एसटीनं निघाली. करंजीचा घाट उतरताना आभाळ असं भरून आलं होतं की समोरची गाडी दिवा लावून येत होती. हवामानवाले म्हणत होते, सोमवारी उघडेल. ती घरी पिशवी टाकून तडक गोदामाकडं गेली, तर शटरसमोर आठही जणी ओळीनं उभ्या. नेहमी एकमेकींचं वाक्य तोडणाऱ्या बायका आज गप्प होत्या आणि ओठ दाबून हसत होत्या. लंकाबाईनं तिचे डोळे आपल्या पदरानं झाकले, हाताला धरून आत नेलं आणि पदर काढला.

आतल्या चारी भिंती खालपासून वरपर्यंत गडद, करड्या-तांबड्या तेलरंगानं रंगवल्या होत्या.

झालं होतं असं, की पांढऱ्या भिंतींना मशिनीच्या तेलाचे हात लागणार, टाचांचे डाग पडणार, मग बायकांना नावं ठेवली जाणार, ही काळजी सगळ्यांना लागून राहिली होती. शाळेचं रंगकाम झाल्यावर रंगाच्या दुकानवाल्या सुनीलकडं दोन मोठे डबे उरले होते. रंग मळखाऊ. मळखाऊ रंग मिळाला म्हणजे संसारी बाईला आणखी काय हवं असतं? शुक्रवार-शनिवार आठही जणींनी शिलाई बंद ठेवून, पदर खोचून, स्वतःच्या हातानं भिंती रंगवल्या. छत तेवढं पांढरं राहिलं, कारण तिथं हात पोचेना. हे सगळं मोठ्या हौसेनं लंकाबाईनंच सांगितलं, आणि शेवटी सुमैराच्या तोंडाकडं पाहत थांबली.

"छान झालंय, मावशी," सुमैरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? कोपऱ्यात अम्मी उभी होती, तिच्या कपाळावर अजून रंगाचा एक शिंतोडा होता.

तिनं एका मशिनीवर लॅपटॉप उघडला. भिंतींचा पांढरा रंग काढून हा मळखाऊ रंग घातला, टप्पे पाच ठेवले आणि हुकूम सोडला. प्रोग्राम अर्धा तास कुथला. तोवर चहा झाला. मग आकडा आला. मागच्या रांगेला एकशे अठ्ठ्याऐंशी.

सुमैरा खोटं बोलून पाहणार होती, पण मुमताजला लेकीचा चेहरा वाचायला चष्मा लागत नसे. काय झालं ते तिनं विचारलं आणि सुमैराला सांगावं लागलं. भिंती पांढऱ्या होत्या तेव्हा त्या उजेड पुढं टोलवत होत्या, आता त्या गिळून बसतात.  लंकाबाई हातावरचा रंग नखानं खरवडत राहिली.

"म्हंजी आमीच आमच्या हातानं पोत्यांना जागा करून दिली की," ती शेवटी म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक कधी कुणी ऐकला नव्हता. दाऊद मिस्त्री आले, भिंतीला अंगठा लावून पाहिला. रंग अजून चिकट होता. ढगाळ हवेत तेलरंग वाळायला वेळ घेतो. वरून चुना मारावा तर तेलरंगावर चुना धरत नाही, पांढरा तेलरंग मारावा तर दोन हात लागणार आणि सोमवारी अकरापर्यंत पहिलासुद्धा सुकणार नाही. चादरी टांगाव्यात तर त्या भिंतीला चिकटून बसणार. मिस्त्री हे सगळं ज्या शांतपणे सांगत होते तो शांतपणा सुमैराला सहन होईना.

मग ती हट्टाला पेटली. भिंती नाही बदलता येत, तर दुसरं काय बदलता येईल? ज्याला जे सुचेल ते सांगा, मी घालून बघते, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. लॅपटॉपची बॅटरी अर्ध्यावर आली होती आणि रविवार असल्यानं वीज गेलेलीच होती. पाच टप्प्यांचा हुकूम प्रत्येक वेळी सोडला तर तीन सूचनांत लॅपटॉप मान टाकणार. म्हणून तिनं टप्पे एकावर आणले. एका टप्प्याचा आकडा खरा नसतो, कमीच येतो, पण दोन मिनिटांत येतो. बदल केल्यावर तो वर सरकला तर त्या बदलात दम आहे एवढं कळतं. सुरुवातीचा आकडा आला एकशे वीस.

बायका मशिनीभोवती गोळा झाल्या. हे अक्षर काय, ते अक्षर काय, सुरू झालं. सुमैरानं आधी टप्पे सांगितले. मग एडी सांगितलं. एडी म्हणजे प्रत्येक टप्प्यावर किती दिशांना चौकशी करायची. हे त्यांना लगेच पटलं, कारण सोयरीक जमवताना चार घरी विचारलं तर चार बाता ऐकायला मिळतात आणि साऱ्या गावात विचारलं की खरं काय ते कळतं. आभाळासाठीही अक्षर होतं. एक लिहिलं की ढगाळ, दुसरं लिहिलं की निरभ्र. सुमैरानं उद्यासाठी निरभ्र लिहिलेलं होतं.

"मग तेवढं बाहेरच्या आभाळाला पन लिही की," लंकाबाई म्हणाली, आणि तो आकडा आल्यापासून पहिल्यांदा सगळ्या हसल्या.

एकीनं मशिनी शटरजवळ सरकवायला सांगितल्या. सरकवल्या, तर आठातल्या पाचच मावल्या. एकीनं आपल्या कपाटाचा आरसा आणायची तयारी दाखवली. आरसा घातला, तर एका मशिनीवर डोळे दिपवणारा पट्टा आणि बाकी सात जशाच्या तशा. एकीनं मशिनींनाच पांढरा रंग द्यायला सांगितलं. तेही घालून पाहिलं. एकशे बावीस. बॅटरी तिशीत आली.

 मुमताज शटरपाशी उभी राहून बाहेरच्या कोब्याकडं बघत होती. गोदामासमोर सिमेंटचा लांबरुंद, वीतभर उंच कोबा होता. पूर्वी तिथं पोती उतरवत, त्यामुळे तो तेलकट काळा पडलेला होता.

"हितं खाली पांढरं कापड अंथरून बघ," ती म्हणाली. "सदऱ्याचं थान."

जमिनीवर, तेही बाहेर, तेही कापड. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. सुमैरालाही ते पटलं नाही, पण अम्मीनं आज पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिनं कोब्याचा रंग पांढरा केला आणि हुकूम सोडला. दोन मिनिटं गेली. एकशे वीस. एक लक्स इकडचा तिकडं नाही.

सुमैरानं मान हलवली. मुमताज मात्र हलली नाही.

"तुझं यंत्र चुकतंय."

"यंत्र न्हाई चुकत, अम्मी."

"मग तू चुकतीस. वीस वरसं मी दारात थान अंथरून शिवलंय. दुपारचं ऊन पडलं की त्या कापडानं घटकाभर खोली उजळायची. तुला वाटायचं मी कापड वाळवतीय."

सुमैराला आठवलं. दारापुढं अंथरलेलं पांढरंशुभ्र थान आणि त्यावर पाय दिला म्हणून खाल्लेला धपाटा. तिला खरंच वाटलं होतं की कापड धुऊन वाळत घातलंय. कोरं कापड कशासाठी धुतलं असेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता.

"पन कापडावरनं उजेड सरळ मशिनीवर कसा यील?" मुमताज पुढं म्हणाली, आणि हातानं दाखवू लागली. खालून वर, वरून खाली. "तो आधी छताला जातो. मग छतावरनं खाली हातावर उतरतो. तुझ्या त्या काळ्या खिडकीला तसं सांग ना."

सुमैरा तिच्या हाताकडं बघत राहिली. कापडावरून छताला, छतावरून हातावर. दोन टप्पे. आणि तिनं स्वतःच्या बोटांनी प्रोग्रामाला बजावून ठेवलं होतं की एकाच टप्प्यावर थांब. बिचाऱ्यानं तेवढंच केलं होतं. तो मशिनीपासून छतापर्यंत गेला आणि साहेबांचा हुकूम नाही म्हणून तिथूनच परत फिरला. कोबा पांढरा आहे की काळा, हे त्यानं वाकून पाहिलंसुद्धा नव्हतं. ज्या चुकीवरून तिनं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बोलणी खाल्ली होती, जवळपास तीच चूक तिनं पुन्हा केली होती, आणि ती सापडली कुणाला, तर चौथी शिकलेल्या अम्मीला.

तिनं एक खोडून दोन लिहिलं.

आकडा यायला सात मिनिटं लागली आणि त्या सात मिनिटांत कुणीही जागचं हललं नाही. दोनशे नव्वद. लंकाबाईनं विचारलं की हे बरं की वाईट.  सुमैरानं नुसतं पाच लिहिलं आणि शेवटचा हुकूम सोडला. बॅटरी दहावर आली, सातवर आली, चारवर आली. मग पडद्यावर तीनशे बावन्न उमटलं, आणि दोन मिनिटांत लॅपटॉप बंद पडला. पण तोवर आठ जणींनी तो आकडा पाहिला होता आणि लंकाबाईनं मुमताजला कमरेला धरून उचललं होतं, चष्म्यासकट.

पुढचं काम मिस्त्रींचं. रोज कोण थान अंथरणार आणि रोज कोण घड्या घालणार, असं म्हणून त्यांनी चुना कालवायला घेतला. डिंक घातला, मूठभर मीठ घातलं. सिमेंटवर चुना कसा पोटच्या पोरासारखा धरतो, हे त्यांनी कुणी न विचारता दोनदा सांगितलं. संध्याकाळ व्हायच्या आत कोब्याला दोन हात झाले. मुमताज कडेनं दगड मांडून, हातात काठी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवत बसली. त्या रात्री सगळे लवकर झोपले आणि कुणालाच झोप आली नाही.

सोमवारी आभाळ धुतल्यासारखं निघालं. अकराला पाच कमी असताना तालुक्याच्या रेश्मा मॅडम जीपमधून उतरल्या. तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या होत्या, आणि यंत्र त्यांनी गळ्यातच अडकवलं होतं. दिवे बंद आहेत याची त्यांनी स्वतः बटणं दाबून खात्री केली. मग पुढच्या रांगेपासून मोजायला सुरुवात केली. सहाशे दहा. पाचशे ऐंशी. आकडा त्या मोठ्यानं वाचायच्या आणि फॉर्मवर लिहायच्या. 

मागच्या रांगेची पहिली मशीन. दोनशे चाळीस.

मॅडमनी पेन थांबवलं, यंत्र पुसलं, पुन्हा धरलं. दोनशे पस्तीस.  सुमैरानं मनातल्या मनात पूर्ण हुकूम एकदा वाचला. टप्पे बरोबर, आभाळ बरोबर, कोबा पांढरा. मग हा उजेड गेला कुठं? आणि ती वळली.

शटरमध्ये तिसगाव उभं होतं. उजेड मोजायचं यंत्र आलंय म्हटल्यावर टपरीवरची, एसटी थांब्यावरची, दवाखान्याच्या ओळीतली माणसं कोब्यावर येऊन दाटीवाटीनं उभी राहिली होती, टाचा उंचावून आत बघत. सगळ्यांत पुढं, मधोमध, काळं जाकीट घातलेले गोरक्षनाथ. सुमैरानं प्रोग्रामात भिंती घातल्या होत्या, छत घातलं होतं, खिडक्या, मशिनी, चुना, आभाळ सगळं घातलं होतं. माणसं घातली नव्हती. तिसगावात काही घडणार आणि बघायला माणसं नसणार, असं कधी झालंय का?

तिनं लंकाबाईच्या कानात दोन शब्द सांगितले. पुढचं लंकाबाईनं पाहिलं. कमरेवर हात ठेवून ती शटरमध्ये गेली आणि आवाज न चढवता गोरक्षनाथांना म्हणाली, "सचिव, तुमी आमच्या उजेडावर उभे हायेत. खाली उतरा."

गोरक्षनाथांनी पायाखाली पाहिलं. चपलांचे तळ पांढरे झाले होते. पोत्यांची आशा होती खरी, पण चोरून कुणाच्या अंगणात उभं राहिल्यासारखं त्यांना वाटलं असावं. ते उतरले. एवढंच नाही, खाली जाऊन त्यांनी बाकीच्यांनाही हाताला धरून बाजूला घेतलं. सचिव म्हणून नाहीतरी त्यांना गर्दी हलवायची सवय होतीच. कोबा मोकळा झाला आणि ऊन त्यावर सपाट पडलं. वर छतावर दुधासारखी पांढरी झाक चढत गेली, ती सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली.

"तीनशे सत्तेचाळीस," मॅडम म्हणाल्या. पुढची, तीनशे एकतीस. पुढची, तीनशे बावीस. शेवटची कोपऱ्यातली, शटरपासून सगळ्यात लांबची. यंत्र थोडा वेळ डळमळलं आणि थांबलं. तीनशे अठरा.

मॅडमनी सही केली. मग यंत्र पुन्हा गळ्यात अडकवत, फॉर्मात असा रकाना नव्हता तरीही, त्यांनी विचारलं की कोबा पांढरा करायची कल्पना कुणाची. सुमैरानं अम्मीकडं बोट केलं. मुमताज लाजली, मग हात वर-खाली करत तिनं मॅडमना सगळं समजावून सांगितलं, घरी बोलायची दखनी आणि गावात बोलायची मराठी एकात एक मिसळून. मॅडमनी पूर्ण ऐकलं. जाताना त्यांनी चपला हातात घेतल्या आणि कोब्याच्या कडेकडेनं चालत गेल्या.

दुपारी गर्दी पांगली. बायकांनी पेढे वाटले, राहिलेले स्वतः खाल्ले आणि लगेच कामाला बसल्या, कारण दोन दिवस रंगाच्या नादात गेले होते. आठ मशिनी एकदम सुरू झाल्या तेव्हा कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना, तरी सगळ्या बोलत होत्या. मुमताजनं मुद्दाम कोपऱ्यातली मशीन घेतली होती, पाठ मळखाऊ भिंतीला लावून. निळी पँट, निळा दोरा. सुई बोटानं न चाचपता चालत होती.

सुमैराला दोनची एसटी पकडायची होती. निघाले म्हणून सांगायला ती शटरमधून वळली आणि तिथंच उभी राहिली.

अम्मीला शिवताना तिनं जन्मभर पाहिलं होतं. पण पाहिली होती ती पाठ. उजेड दाराबाहेर, म्हणून अम्मीचं तोंडही दाराबाहेर. आतल्या अंधारात अभ्यास करणाऱ्या पोरीला दिसायची ती तिची वेणी, खांदे आणि पुढंमागं होणारं उजवं कोपर. शिवताना अम्मीचा चेहरा कसा असतो, हे सुमैरानं आज पहिल्यांदा पाहिलं. वळणाची शिलाई आली की ती भुवया उंचावायची. आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून ठेवायची, पहिलीतल्या मुलीनं अक्षर गिरवताना काढावं तसं. सुमैराला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

"काय बघतीस?" मुमताजनं वर न बघता विचारलं.

"काही न्हाई. तू शिवताना जीभ बाहेर काढतीस."

"म्या? कवापासनं?"

"आमाला काय ठावं, बाई," शेजारच्या मशिनीवरून लंकाबाई म्हणाली. "आमी पन आजच बघतोय."

मुमताजनं जीभ आत घेतली आणि ओठ घट्ट मिटून चाक फिरवलं. पुढचं वळण आलं तशी ती पुन्हा बाहेर आली. सुमैरानं पिशवी खाली ठेवली, रिकामं स्टूल ओढून घेतलं आणि अम्मीच्या समोर जाऊन बसली. दोनची एसटी हॉर्न वाजवत करंजीच्या रस्त्याला लागली.